कोऱ्या पानावरची सही आणि आमची के-१ व्हिसाची फाईल

माझा होणारा नवरा अमेरिकेचा नागरिक आहे. आम्ही समोरासमोर भेटलो ते डिसेंबर २०२१ मध्ये, नऊ दिवस. पुढे त्याला रजाच मिळेना. बाकी सगळं फोनवर ठरलं आणि के-१ व्हिसाचं (अमेरिकन नागरिकाशी लग्न करायला तिथे जाण्यासाठीचा व्हिसा) काम आम्ही एका एजंटकडे दिलं. नव्वद हजार रोख, वर ‘सरकारी फी’ दीड हजार डॉलर. पावती मागितली तर, “ताई, फाईल लागली की सगळं एकदम देतो.” खरी फी तेव्हा ५३५ डॉलर होती!

नियम असा की, आय-१२९एफ, म्हणजे के-१ साठी अमेरिकन नागरिकाने करायचा अर्ज, दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले हवेत. व्हिडिओ कॉल त्यात धरत नाहीत. आमचा अर्ज गेला फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे मुदत दोन महिन्यांनी हुकली होती. मी हे एजंटला आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, “आपल्यात लग्नाआधी भेटू देत नाहीत, असं लिहू.” अशी सूट आहे, पण जिथे रूढीनेच भेटायला सक्त मनाई असते त्यांच्यासाठी. आमच्याकडे तर कांदेपोह्यांशिवाय लग्न ठरत नाही. मी साफ नको म्हटलं. “बरं, बघतो मी काहीतरी.”

काय बघितलं ते जादा पुराव्याची नोटीस आल्यावर कळलं. आमच्याच जुन्या फोटोवर ऑक्टोबर २०२३ ची तारीख. फोटोत माझ्या हनुवटीखाली कोविडचा मास्क लटकतोय. सोबत हॉटेलचं बिल, त्यात मला होणाऱ्या नवऱ्याचं आडनाव लावलेलं. त्या हॉटेलात मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही. अर्जाखालची सही मात्र त्याची, खरी. “वेळ वाचेल” म्हणून ते पान कोरं असतानाच सही करून मागवलं होतं. अर्ज तयार करणाऱ्याच्या रकान्यात एजंटचं नावच नव्हतं. फोन तर तेव्हापासून बंद.

अमेरिकेतल्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, जाणूनबुजून खोटा पुरावा दिला असं ठरलं तर प्रवेशाला कायमची बंदी होऊ शकते. आई दोन दिवस धड जेवली नाही.

म्हणून कळकळीने सांगते, कोऱ्या पानावर सही देऊ नका. फाईल जाण्याआधी तिचं पान न् पान स्वतः वाचा. भेट जुनी झाली असेल तर तिकीट काढून पुन्हा भेटा, मगच अर्ज करा. कितीही महाग पडलं तरी ते यापेक्षा स्वस्तच आहे.

आम्ही तो अर्ज मागे घेतला. जानेवारी २०२५ मध्ये होणारा नवरा भेटायला आला. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, दोघांच्या नावाची बिलं, आजीसोबतचे फोटो, सगळं जपून ठेवलं आणि ६७५ डॉलर भरून नवा अर्ज केला. आधी काय घडलं त्याचं खरंखुरं निवेदनही सोबत जोडलंय. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत व्हायची आहे. तिथे त्या मास्कच्या फोटोबद्दल विचारतीलच, आणि जे झालं ते मी जसंच्या तसं सांगणार आहे.