जेम्स मॅकिंटॉश यांच्या चरित्राची पुनर्मुद्रित प्रत: मजकूर मोलाचा, छपाई मात्र पारखून घ्यावी

सर जेम्स मॅकिंटॉश यांचे दोन खंडांतले चरित्र त्यांचे पुत्र रॉबर्ट जेम्स मॅकिंटॉश यांनी संपादित करून १८३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. मागणी आल्यावर छापून देतात तशी त्याची पुनर्मुद्रित प्रत मी फोर्टमधल्या एका पुस्तक पुरवठादारामार्फत मागवली. दोन्ही खंडांना मिळून साधारण १,८०० रुपये पडले. मुंबईच्या इतिहासात रस असलेल्या वाचकाने हे पुस्तक अवश्य संग्रही ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोणत्या स्वरूपात विकत घ्यावे, याबद्दल मात्र सावध राहायला हवे.

मॅकिंटॉश यांचे नाव आपल्याकडे घेतले जाते ते एशियाटिक सोसायटीचे संस्थापक म्हणून. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी त्यांनी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली आणि तिचेच रूप पुढे टाउन हॉलमधल्या आजच्या संस्थेत आले, एवढी माहिती कोणत्याही माहितीफलकावर मिळते. पण या गृहस्थांनी त्याआधी काय केले आणि मुंबई सोडल्यावर स्कॉटलंडमधल्या एका मतदारसंघातून ते ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कसे पोहोचले, हे सांगणारे काही मराठीत सहसा वाचायला मिळत नाही. ती उणीव हे दोन खंड भरून काढतात. संपादक पुत्राने स्वतःचे भाष्य आवरते ठेवून बहुतांशी वडिलांची पत्रे आणि रोजनिशीच वाचकापुढे ठेवली आहे. चरित्रकार मुलगाच असल्यामुळे वडिलांविषयीचा आदर जागोजागी जाणवतो. तरीही मूळ कागदपत्रे समोर असल्याने वाचकाला आपला निष्कर्ष आपण काढता येतो, ही या पुस्तकाची मोठी जमेची बाजू आहे.

मॅकिंटॉश यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७६५ रोजी इन्व्हरनेसजवळ, लॉख नेस सरोवराच्या काठी असलेल्या ऑल्डुरी येथे झाला. ॲबर्डीन आणि एडिंबरा येथे शिक्षण घेऊन ते वैद्यकीचे पदवीधर झाले. मात्र त्यांचे मन लेखनात आणि राजकारणात रमले. ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या टीकेला त्यांनी १७९१ साली पुस्तकरूपाने उत्तर दिले आणि वयाच्या पंचविशीतच ते नावारूपाला आले. पुढे त्यांनी वकिली पत्करली, क्रांतीविषयीचे त्यांचे मतही बदलले, आणि १८०३ साली नेपोलियनच्या बदनामीचा आरोप असलेल्या ज्याँ पेल्तिए या फ्रेंच पत्रकाराचा बचाव त्यांनी लंडनच्या न्यायालयात केला. खटला हरला तरी त्या भाषणाची कीर्ती टिकली. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि मुंबईच्या रेकॉर्डरपदी, म्हणजे इथल्या मुख्य न्यायाधीशपदी, त्यांची नेमणूक झाली.

मुंबईचा भाग हा या पुस्तकाचा गाभा आहे आणि मी तो सर्वांत सावकाश वाचला. गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी त्यांना परळचा सरकारी बंगला राहायला दिला होता; पुढे त्याच वास्तूत हाफकिन संस्था आली. त्यांचे रेकॉर्डर न्यायालय ज्या इमारतीत भरत असे, ती लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग आजही उभी आहे आणि शहीद भगतसिंग मार्गावरून जाणारी माणसे रोज तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. निरोपाच्या सुमारास, जुलै १८११ मध्ये, ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, त्यांनी केलेले भाषण या प्रतीत पूर्ण वाचायला मिळते, आणि माझ्या मते केवळ त्या पानांसाठीही पैसे मोजावेत. मे १८०४ पासूनच्या सात वर्षांत आपल्या न्यायालयाने एकालाही फाशी दिली नाही, सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या या शहरात त्यामुळे गुन्हे वाढले नाहीत, हे त्यांनी जुन्या काळातले खटले आणि फाशीचे आकडे शेजारी ठेवून दाखवून दिले. किरकोळ चोरीसाठीही फासावर चढवणारा कायदा इंग्लंडमध्ये अमलात असताना एका न्यायाधीशाने असा हिशेब मांडावा, याचे मोल फार मोठे आहे.

आणखी एका प्रसंगाने मी थक्क झालो. कटाच्या आरोपाखाली दोषी ठरलेले दोन तरुण लष्करी अधिकारी न्यायाधीशांवर झाडण्यासाठी भरलेली पिस्तुले घेऊन न्यायालयात आले होते. ते कळल्यानंतरही मॅकिंटॉश यांनी शिक्षेत वाढ केली नाही. आधी ठरवलेला वर्षभराचा कारावासच कायम ठेवला.

दुसरा खंड मुख्यतः पार्लमेंटच्या कारकिर्दीचा आहे. लॉर्ड कॉडर यांच्या पाठबळावर मॅकिंटॉश १८१३ साली उत्तर स्कॉटलंडमधल्या नेर्नशायरचे खासदार झाले. या मतदारसंघाची तऱ्हा आजच्या मतदाराला चमत्कारिक वाटेल. मत देण्याचा अधिकार मूठभर जमीनदारांना होता, आणि नेर्नशायर व क्रोमार्टीशायर या दोन परगण्यांनी आळीपाळीने, एका पार्लमेंटला एकाने आणि पुढच्याला दुसऱ्याने, खासदार निवडून द्यायचा अशी व्यवस्था होती. त्यामुळे १८१८ मध्ये नेर्नशायरची पाळी संपली आणि मॅकिंटॉश यांना इंग्लंडमधल्या नेअर्सबरो या मतदारसंघाचा आधार घ्यावा लागला. ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर त्या काळातली पत्रे नीट उलगडत नाहीत. नव्या छपाईला दोन पानांची प्रस्तावना जोडली असती तर वाचकाची मोठी सोय झाली असती.

देहदंडाचे कायदे सौम्य व्हावेत म्हणून झटणारे खासदार सॅम्युएल रोमिली यांच्या निधनानंतर फौजदारी कायद्याच्या सुधारणेचे काम मॅकिंटॉश यांनी अंगावर घेतले. देहदंडाच्या कायद्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी, हा त्यांचा प्रस्ताव मार्च १८१९ मध्ये सरकारचा विरोध असूनही १९ मतांच्या आघाडीने संमत झाला. मुंबईतली ती सात वर्षे आणि वेस्टमिन्स्टरमधला हा प्रस्ताव यांना जोडणारा धागा दोन्ही खंड एकत्र वाचताना स्पष्ट दिसतो. फौजदारी कायदा सौम्य करण्याविषयीचे १८२३ चे त्यांचे ठराव फेटाळले गेले, मात्र त्यांनी लावून धरलेल्या कामातला बराचसा भाग पुढे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी कायद्यात उतरवला. ३० मे १८३२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ज्या मतदान सुधारणेचा त्यांनी पुरस्कार केला होता, तिच्यावर अवघ्या आठ दिवसांनी राजाची मोहोर उठली.

आता छपाईविषयी. ही प्रत म्हणजे कुठल्याशा ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकाची छायाचित्रे आहेत. अक्षरजुळणी नव्याने केलेली नाही. ग्रंथालयाचे शिक्के आणि कुणीतरी पेन्सिलने मारलेल्या रेघा जशाच्या तशा उमटल्या आहेत, त्याची मला अडचण वाटली नाही. परंतु पहिल्या खंडात अनेक पानांच्या तळटीपांची शेवटची ओळ कापली गेली आहे, आणि रोजनिशीतल्या बारीक टाइपात ‘३’ आणि ‘८’ हे आकडे ओळखू येत नाहीत. तारखांवर विसंबून अभ्यास करणाऱ्याला हा दोष फार जाचतो. पुरवठादाराला कळवले असता, मागणीवरून छापलेले पुस्तक परत घेतले जात नाही, एवढेच उत्तर मिळाले. बांधणी मात्र पक्की आहे आणि कागदही पिवळट, डोळ्यांना न टोचणारा आहे.

मागवण्यापूर्वी पुरवठादाराकडून मधल्या चार-पाच पानांची छायाचित्रे मागून घ्यावीत आणि तळटीपा पूर्ण दिसत असतील तरच पैसे भरावेत. मुंबईचा मजकूर दोन खंडांत विभागलेला असल्यामुळे एकच खंड स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. निरोपाचे ते भाषण दुसऱ्या खंडात आहे.