फल्लीचं एटीएम: ऑटोमॅटिक फीडरचे दहा महिने

गेल्या वर्षी मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा फीडर, मांजरीला ठरल्या वेळी आपोआप खाणं देणारा डबा, घरी आला. डिलिव्हरीवाला पोरगा महालाकडच्या गर्दीत अडकून दोन तास उशिरा पोचला होता. त्या दिवशी अख्खं नागपूर मारबतीचे पुतळे मिरवत, ‘घेऊन जाय गे मारबत’ म्हणत रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं गावाबाहेर हाकलत असतं. खोकं उघडता उघडता मीही मनात म्हटलं, पहाटे चारचं म्यांव घेऊन जाय गे मारबत.

मारबतीनं लगेच काही नेलं नाही. पण आता जूनअखेर मी सहापर्यंत झोपते आणि मधले दहा महिने कसे गेले ते लिहायला बसले आहे. पाचपैकी साडेतीन तारे देईन. अर्धा तारा मी स्वतःच्या मूर्खपणासाठी कापलाय, तो फीडरचा दोष नाही.

फल्ली आमची मांजर. भाजलेल्या फल्लीच्या, म्हणजे भुईमुगाच्या शेंगेच्या सालीचा रंग, म्हणून हे नाव. वय पाच, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, वजन ४.४ किलो. मी लॅबमध्ये काम करते, सातची शिफ्ट. म्हणजे पावणेसहा-सहाला उठलं तरी चालतं. फल्लीच्या मते चार दहा ही योग्य वेळ. आधी ती पलंगावर चढून माझ्या पोटावरून चालते. मग पापणीवर पंजा ठेवते, नखं आत, फक्त एक नख जरासं बाहेर, डोळा उघडेपर्यंत. नाहीच उघडला तर टेबलाखाली जाऊन पन्नी चाटते. पहाटे चारला प्लास्टिकच्या पन्नीचा आवाज कसा येतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. शेवटचं शस्त्र म्हणजे माझा चष्मा. टेबलाच्या कडेपर्यंत ढकलायचा, थांबून माझ्याकडे बघायचं, आणि मग पाडायचा.

दार लावून झोप, हा सल्ला मला निदान पंधरा जणांनी दिला. त्यातला एकही जण नागपुरात राहत नसावा. आमच्याकडे एक मोठा कुलर, हॉलच्या खिडकीत. त्याची हवा बेडरूममध्ये यायची तर दार उघडं हवं आणि हवा बाहेर पडायला मागची खिडकीही उघडी हवी. मार्च ते जून दार लावून झोपणं म्हणजे स्वतःला उकडून घेणं. थंडीत लावून पाहिलं, तर तिनं दाराचा पॉलिश कोरून काढला.

पाण्याचा फवारा मारून पाहिला. त्यानं ती माझ्यापासून दोन दिवस लांब राहिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पोटावर. एका ओळखीच्या बाईंनी तर ‘झोपेची अर्धी गोळी देऊन टाक’ म्हटलं. कृपा करून माणसाचं कुठलंच औषध मांजरीला देऊ नका. आपल्या घराघरांत असतं ते पॅरासिटामॉलसुद्धा मांजरीचा जीव घेतं.

फीडर घेण्याआधी तिला डॉक्टरांकडे नेलं, आणि हे तुम्हीही करा. मांजर अचानक रात्री ओरडायला लागली, विशेषतः दहाबारा वर्षांची असेल, तर थायरॉइड, किडनी, ब्लडप्रेशर यांपैकी काहीही असू शकतं. ऑपरेशन न झालेली असेल तर तो वेगळाच प्रश्न. फल्लीचं सगळं ठीक निघालं. डॉक्टर हसून म्हणाले, हिला आजार नाही, सवय आहे. मांजर मुळातच पहाटे आणि संध्याकाळी जागी असते, दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते. आमच्याकडे दिवसभर शांतता, त्यामुळे तिची सगळी झोप मी लॅबमध्ये असताना होऊन जाते. वर चार दहाला मी उठून वाटीत दाणे टाकायचे, ‘घे बाई, आणि झोपू दे’ म्हणून. तिच्या लेखी हिशोब सरळ होता: पापणीवर पंजा ठेवला की वाटी भरते.

तो हिशोब मोडण्यासाठी फीडर. खाणं माझ्या हातून न येता डब्यातून आलं, ठरल्या वेळी आलं, मी उठो न उठो आलं, तर तिनं मला कशाला उठवावं?

माझा फीडर साधा, बटणांचा आहे, साडेतीन हजारांच्या आतला. वर दाण्यांचा डबा, खाली वाटी, दिवसाला सहा वेळा लावता येतात, मोबाइलची भानगड नाही. माझ्या मैत्रिणीकडे ॲपवाला आहे, पण तिचं वायफाय आठवड्यातून दोनदा रुसतं, आणि मग रात्री बारा वाजता ती राउटरपुढे बसते. ऊठसूट वेळा बदलायच्या नसतील तर बटणांचाच घ्या.

वेळ लावताना एक गोष्ट मी योगायोगानं बरोबर केली. ती चार दहाला उठवते ना, मग फीडर चारला लावला, तिनं ओरडायच्या आधी. चार वीसला लावला असता तर तिला वाटलं असतं, दहा मिनिटं ओरडलं की मशीन देतं. मग दर चारपाच दिवसांनी दहा मिनिटं पुढे. नोव्हेंबर संपता संपता वेळ सहावर आली. ऐकायला किती सोपं वाटतं.

पहिला आठवडा मात्र नरक होता. मी उठायचं बंद केलं म्हटल्यावर तिनं ओरडणं दुप्पट केलं. चौथ्या ते नवव्या दिवसापर्यंत चष्मा, मोबाइल, ओडोमॉसची ट्यूब, देवघरातली घंटी, सगळं खाली. लक्ष देणं बंद केलं की सवय सुटण्याआधी पुष्कळदा अशी उसळी मारते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण हरून उठलो तर मांजर शिकते की आणखी जोर लावला पाहिजे. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. नवरा हॉलमध्ये झोपायला गेला. दहाव्या दिवशी जाग आली ती अलार्मनं, आणि पाच मिनिटं मला कळेचना की काय चुकलंय.

तो आनंद आठच दिवस टिकला. मग ती पुन्हा साडेचारला माझ्या डोक्याशी. रोज नाही, मधूनच. दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी तमाशा. फीडर बिघडला म्हणून मी दोनदा उघडून पाहिला. एका पहाटे पाणी प्यायला उठले तर ओट्याखाली फल्लीची जुनी वाटी दिसली, काठाला दुधाची साय चिकटलेली. आणि दारात माझे सासरे, बाबा, फिरायला निघायच्या तयारीत, एक बूट पायात, एक हातात.

“बाबा, तुम्ही हिला दूध देता?”

“अगं, उपाशी राहते ते लेकरू. मी काय गंज भरून देऊन राहिलो का? चमचाभर तर देतो.”

“रोज?”

“रोज नाही. पायात येऊन घुटमळली तरच.”

आता बोला. रोज दिलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. कधी मिळतं, कधी नाही, ही तर पक्की लागलेली सवय, लॉटरीसारखी. बाबांना जाग आहे म्हणजे दूध मिळू शकतं, बाबा आज नाही उठले तर मग सूनबाईंना उठवून बघू, इतकं तिला बरोबर कळलं होतं. शिवाय मोठ्या मांजरींना दूध बहुतेक वेळा पचतच नाही. तिचं पोट अधूनमधून का बिघडतं, याचाही उलगडा झाला.

बाबांना नाही म्हणून भागत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय. म्हणून त्यांना काम दिलं. फीडर भरण्याची जबाबदारी त्यांची, आणि रात्री दहाला तिच्याशी खेळण्याचीही. लाकडी काठीला पायजम्याची जुनी नाडी, टोकाला कापडाची गाठ. सोफ्यामागून गाठ सरपटत जाते, फल्ली मागचे पाय हलवत दबा धरते, झेप घेते, पंधरा मिनिटं हेच. शेवटी दोनतीनदा तिला शिकार ‘मिळू’ द्यायची, नाहीतर चिडते. लगेच थोडं ग्रेव्हीचं खाणं. मग ती अंग चाटत बसते आणि झोपते. शिकार, जेवण, स्वच्छता, झोप हा तिचा ठरलेला क्रम आहे, आणि माझ्या मते फीडरपेक्षा जास्त काम या नाडीनं केलं. (नाडी खेळून झाली की कपाटात. मांजरीनं दोरा गिळला तर आतडं आवळलं जातं, ऑपरेशनपर्यंत वेळ येते.) बाबा आता पाहुण्यांना फीडर दाखवतात. “हे फल्लीचं एटीएम. ब्यालन्स मी टाकतो.”

आता फीडरबद्दल, चांगलं-वाईट जसं आहे तसं.

त्यात दहा सेकंद आवाज भरता येतो. मी मोठ्या हौसेनं ‘फल्ली, ये गं, जेवायला ये’ असं भरलं. पहाटे स्वयंपाकघरातून माझाच आवाज आला, नवरा दचकून उठला, आणि फल्ली आवाज ऐकून सरळ माझ्याकडे आली. बरोबरच आहे, आवाज माझा होता ना. मला तिच्या डोक्यातून खाणं आणि मी यांची गाठ सोडवायची होती, आणि मीच ती घट्ट करत होते. त्या दिवशी आवाज पुसून टाकला. कापलेला अर्धा तारा याचाच.

मोटारीचा आवाज गर्रर्र असा येतो आणि स्टीलच्या वाटीत दाणे टणटण पडतात. उन्हाळ्यात कुलरच्या घोंघाटात काही कळत नाही, पण डिसेंबरात आमच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. फीडर बेडरूमपासून शक्य तितका लांब ठेवा. आमचा मागच्या पडवीच्या दाराजवळ आहे.

दाणे मोजून पडत नाहीत. एका घासाला दहा ग्रॅम म्हणतात, मी स्वयंपाकाच्या काट्यावर मोजले तर सातपासून तेरापर्यंत काहीही. तिला दिवसाला साधारण पन्नास-पंचावन्न ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, ग्रेव्ही दिली की त्यातून कमी. सहा वेळांत ते विभागलं की चूक आपोआप भरून निघते, आणि मांजरीला असंच थोडंथोडं खाणं मानवतं. उंदरावर जगणारी मांजर काही दोन वेळा ताट वाढून जेवत नाही. मोठे, त्रिकोणी दाणे मात्र नळीत अडकतात, छोटे गोल घ्या.

दुसऱ्या महिन्यात तिनं नळीत पंजा घालून दोनतीन दाणे काढायची विद्या मिळवली. मग आख्खा डबा आडवा करायला लागली. चिकटपट्ट्या दोन दिवस टिकल्या. शेवटी कोपऱ्यात सरकवून समोरून सासूबाईंचा दगडी पाटा लावला. मिक्सर आल्यापासून तो तसाच पडून होता.

लाईन जाते, तर काय? ॲडॉप्टरसोबत तीन मोठे सेल बसतात, जुन्या टॉर्चमधले. मी सुरुवातीला घातलेच नाहीत, कशाला म्हणून. जानेवारीत रात्री लाईन गेली, घड्याळ बारावर येऊन बसलं, आणि पहाटेचं खाणं पडलंच नाही. सहा वाजले तसा पापणीवर पंजा. चार महिन्यांत ती काहीच विसरली नव्हती, फक्त गरज पडली नव्हती. तेव्हापासून सेल असतात, आणि मे महिन्याच्या वादळांत दोनदोन तास लाईन गेली तरी घड्याळ हललं नाही.

पावसाळ्यात दाणे मऊ पडतात. झाकणातली सिलिका जेलची पुडी दर महिन्याला बदलते. उन्हाळ्यात उलटं, ४५ अंशात दाण्यांतल्या चरबीला खवट वास येतो आणि फल्ली वाटी हुंगून निघून जाते. डब्यात दीड किलोच्या आसपास मावतात म्हणून पूर्ण भरू नका, आम्ही मे महिन्यात पाच दिवसांचेच टाकतो. मार्चमध्ये लाल मुंग्या आल्या. फीडरचे पाय पाण्याच्या परातीत ठेवले, लोणच्याच्या बरणीला करतो तसं.

आणि हे सगळं जमलं असताना मे महिन्यात ती पुन्हा पाचला उठवायला लागली. खाणं जागच्या जागी, वेळ तीच. चार दिवस डोकं खाजवलं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, मेअखेर साडेपाचलाच, हे खरं, पडदाही जाड केला. पण खरा घोळ वेगळा होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी पाखरांसाठी पाण्याचं मातीचं भांडं मी बेडरूमच्या खिडकीत ठेवलं होतं. पाचला बुलबुल यायचे, अंघोळ करायचे, आणि माझ्या उशीवर उभी राहून फल्ली जबडा थरथरवत कचकच करायची. तिला मी नकोच होते, मी फक्त मध्ये पडलेली होते. भांडं गच्चीवर नेलं.

पुन्हा घेतला तर हाच घेईन, पण वाटी स्टीलची असलेला. माझ्या मॉडेलमध्ये वाटी आधी प्लास्टिकची होती, ती दोन महिन्यांत ओरखडली आणि तिच्यात वास धरायला लागला, मी घरची स्टीलची बसवली. दाणे जिथून पडतात ती नळी सुटी करून धुता येते का, तेही बघून घ्या. माझी येत नाही. बाबा दर रविवारी जुन्या टूथब्रशनं ती घासतात आणि तोवर फल्ली पाट्यावर बसून असते.