ओव्हन, शेगडी, मिक्सर: काय कोशेर करून घ्यावं आणि काय नवं आणावं

अमेरिकेत भाड्यानं घर घेतलं की ओव्हन आणि शेगडी बहुधा घरासोबतच मिळतात. इकडे ठाण्याला किंवा अलिबागला एखाद्या नातेवाइकाकडून जुना ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) येतो, मिक्सर येतो. आधीच्या माणसानं त्यात कोळंबी भाजलेली असते, नाहीतर चिकनवर चीज घातलेलं असतं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाच्या घरात, किंवा नव्यानं काशरूत पाळू लागलेल्या कुठल्याही घरात, मग प्रश्न पडतो. काशरूत म्हणजे यहुदी आहारनियम; त्यात कोळंबी चालत नाही, मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि जे चालतं ते कोशेर. तेव्हा हे कोशेर करून घ्यायचं की पैसे घालून नवं आणायचं?

नुसतं घासून लख्ख केल्यानं उपकरण कोशेर होत नाही. भांड्यानं चव ज्या रीतीनं शोषली, त्याच रीतीनं ती बाहेर काढावी लागते. पाण्यात शिजवताना शोषली असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून, म्हणजे हगाला. कोरडं भाजताना शोषली असेल तर आगीच्या धगीनं, म्हणजे लिबून. याचा आधार तोराह या यहुदी धर्मग्रंथामध्ये गणना 31:23 या वचनात आहे. मिद्यानी लोकांकडून आलेल्या धातूच्या वस्तूंपैकी ज्या आगीत टिकतील त्या आगीतून काढायला तिथे सांगितलं आहे. हगालाच्या आधी कसून सफाई करायची आणि मग साधारणपणे 24 तास ती वस्तू वापरायची नाही.

म्हणून कुठलंही उपकरण समोर आलं की मी आधी एवढंच बघते: लागेल तेवढी उष्णता ते स्वतः निर्माण करू शकतं का? निम्मा निर्णय तिथेच होतो.

ओव्हन: तीन प्रकार, तीन उत्तरं

सेल्फ-क्लीन ओव्हन मिळाला तर नशीब समजा. सेल्फ-क्लीन लावलं की दाराला आपोआप कुलूप लागतं, आतलं तापमान साधारण 480 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि चिकटलेल्या तेलाची राख होते. बहुतेक राब्बी (यहुदी धर्मगुरू) याला पूर्ण लिबून मानतात. दाराभोवतीची पट्टी तेवढी आधी हातानं पुसून घ्यायची. जाळ्या बाहेर काढा असं कंपनीच्या पुस्तिकेत अनेकदा लिहिलेलं असतं, कारण आत ठेवल्या तर त्यांची चकाकी जाते. पण कोशेर करायच्या असतील तर त्या आतच राहायला हव्यात. चकाकी गेली तरी चालेल.

खरेदी करताना इथेच फसगत होते. हल्ली पुष्कळ ओव्हनवर सफाईची सोय म्हणून स्टीम क्लीन दिलेलं असतं. ते थोडं पाणी घालून कमी तापमानावर चालतं आणि फक्त खरकटं मऊ करतं. कोशेर करण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. दुकानदार दोन्हीला सेल्फ-क्लीनच म्हणतो, म्हणून ‘पायरोलिटिक (म्हणजे प्रचंड उष्णतेनं मळ जाळणारा) आहे का’ असं स्पष्ट विचारा.

साधा ओव्हन असेल तर मेहनत जास्त आहे, पण काम होतं. ओव्हन क्लीनर मारून कोपरान् कोपरा खरवडायचा, 24 तास थांबायचं आणि मग सर्वांत जास्त तापमानावर तासभर चालू ठेवायचा. एवढं पुरतं की नाही यावर मोठे मतभेद आहेत. विसाव्या शतकात अमेरिकेत राब्बी आहारोन कोटलर यांनी हे पुरेसं मानलं, तर राब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी ब्लोटॉर्चइतकी धग मागितली. आज अनेक घरं पहिल्या मतानं चालतात. जाळ्या आणि ट्रे मात्र नवे घ्यावेत, असं मी सुचवेन.

ओटीजीवर वेळ घालवू नये. तो 230 ते 250 अंशांपर्यंतच जातो आणि कॉइलच्या मागे उडालेल्या तुपाच्या थेंबांपर्यंत हात पोचत नाही. एअर फ्रायरचंही तसंच. टोपलीला लिबून द्यायला गेलं तर वरचा नॉनस्टिक थर जळतो. ही दोन्ही नवीच घ्या.

मायक्रोवेव्ह मात्र सगळ्यांत सोपा. आत फक्त वाफ पसरते, तेव्हा उपाय वाफेचाच. स्वच्छ करा, 24 तास ठेवा, मग कपभर पाणी आतला भाग वाफेनं भरेपर्यंत उकळू द्या. काचेची ताटली बदलून टाका. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर त्यात भाजलंही जातं, त्यामुळे हा उपाय त्याला पुरत नाही.

गॅस, काचेची शेगडी, इंडक्शन

गॅसच्या शेगडीला तोड नाही. बर्नर साफ करून पेटवले की झालं. वरच्या लोखंडी जाळ्या मोठ्या आचेवर तापवता येतात किंवा सरळ बदलता येतात, आणि मधल्या पत्र्यावर जाड फॉइल घालता येतं. भारतात राहणाऱ्यानं गॅस सोडून दुसरीकडे जाण्याचं काशरूतच्या दृष्टीनं काहीच कारण नाही.

काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीत गोल तेवढे लालबुंद होतात, मधली काच तेवढी तापत नाही. उतू गेलेलं कालवण नेमकं तिथेच पसरतं. फॉइल घालावं तर काच तडकण्याची भीती. काच चव शोषत नाही असं शुल्हान आरूख हा यहुदी नियमांचा ग्रंथ मानतो आणि सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या यहुदी परंपरेची) घरं तसं चालतात. बेने इस्रायलची रीत सेफार्दी वळणाची असल्यानं त्यांना इथे थोडी मोकळीक मिळू शकते. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपच्या यहुदी परंपरेच्या) घरात मात्र ही शेगडी कायमची डोकेदुखी ठरते. इंडक्शन तर स्वतः तापतच नाही, काच तापते ती वरच्या भांड्यामुळे. त्यामुळे जुनं इंडक्शन कोणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही.

मिक्सर: मराठी स्वयंपाकघराचा खरा प्रश्न

ओव्हनबद्दल सगळे विचारतात. पण आपल्याकडे ओव्हन आठवड्यातून एकदा लागतो आणि मिक्सर रोज दोनदा. वाटणात काय असतं? लसूण, हिरवी मिरची, कांदा. काशरूतमध्ये अशा तिखट-उग्र पदार्थांना वेगळा नियम आहे. ते पात्यानं कापताना किंवा वाटताना, अगदी थंड असले तरी, पात्यातली चव ओढून घेतात. एरवी 24 तासांनी शोषलेली चव बिघडलेली धरतात. पण लसणीसारखा पदार्थ आला की ती पुन्हा जिवंत झाली असं समजतात. बिगरकोशेर किंवा दुधाच्या भांड्यात वाटलेली लसूण मटणाला चालत नाही, ती यामुळे.

स्टीलच्या भांड्याला हगाला करता येतो. अडचण पात्याखाली आहे. तिथला बुश, रबरी वायसर आणि त्यांच्यामध्ये साचलेला काळपट चिखल पूर्ण निघत नाही, आणि मळ असेल तर हगाला होत नाही. म्हणून खालची मोटर पुसून ठेवा, भांडी मात्र नवी आणा. सगळ्या स्वयंपाकघरात पैसे कुठे घालायचे असतील तर इथे घाला.

धातूची नवी भांडी बिगरयहुदी कारखान्यातून आली असतील तर वापरण्याआधी त्यांची तविला करावी लागते, म्हणजे मिकवेच्या (धार्मिक शुद्धीच्या कुंडाच्या) पाण्यात पूर्ण बुडवून काढायची. समुद्राचं पाणीही त्यासाठी चालतं, ही कोकणातल्या माणसाची सोय. विजेच्या उपकरणांच्या तविलेवरून बरेच वाद आहेत, पण मिक्सरचं भांडं मोटरपासून सुटं होतं, त्यामुळे तो वाद इथे उद्भवतच नाही.

दूध आणि मटण यांच्यासाठी दोन-दोन उपकरणं लागतील का? बेने इस्रायल स्वयंपाकात हा भार मुळातच हलका आहे. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात होतो, रोश हाशानाचा (यहुदी नववर्षाचा) हलवाही नारळाच्या दुधात होतो. नारळ पारवे, म्हणजे ना दूध ना मटण. ओव्हन मटणासाठी ठेवून बाकीचं पारवे केलं तर दुसऱ्या ओव्हनची गरज क्वचितच पडते. मिक्सरला पारवे वाटणाचं एक भांडं आणि ताकालस्सीचं एक, असं मात्र हवंच. एकच उपकरण दर वेळी कोशेर करून दुधाकडून मटणाकडे फिरवायचं, हा मार्ग अश्केनाझी प्रथेत टाळतात. इतरांनीही टाळावा, घाईत चूक होते.

राब्बींना फोन करण्याआधी ओव्हनचा मॉडेल नंबर, त्याचं कमाल तापमान, आतला भाग स्टीलचा आहे की इनॅमलचा, आणि त्यात शेवटचं काय व कधी शिजलं, एवढं कागदावर लिहून घ्या. पेसाहसाठी (खमीर वर्ज्य असलेल्या सणासाठी) करत असाल तर तेही आधीच सांगा, कारण त्या वेळचे नियम जास्त कडक असतात.