शीळ घालणारा कस्तुर की काळ्या टोपीचा?

गोव्यात एकच मोकळी सकाळ मिळाली तर शीळ घालणारा आणि काळ्या टोपीचा या दोन कस्तुर पक्ष्यांपैकी कोणता शोधावा, असं भाचीने विचारलं.

जागा आधी पाहू. शीळकरी कस्तुर ओहोळ सोडत नाही. तांबडी सुर्लाच्या देवळामागची सावलीतली, ओल्या दगडांची नदी त्याच्यासाठीच आहे. तिथे तो किडे, गोगलगायी, खेकडे टिपतो. काळ्या टोपीचा कस्तुर मात्र झाडांखालच्या पाचोळ्यात असतो, पानं उलटत. त्याला वाहतं पाणी लागत नाही.

आवाजात तुलनाच नको. पहिल्याची शीळ हुबेहूब माणसासारखी, पहाटे उजाडण्याआधी सुरू होणारी, पावसाळ्यात भर रंगात. दुसराही सुरेल गातो, पण हिवाळ्यात बराचसा गप्प असतो.

दिसायला पहिला सावलीत निव्वळ काळा. ऊन पडलं की कपाळ आणि खांदे निळे चमकतात. दुसऱ्याची पिवळी-नारिंगी चोच नि डोळ्याभोवतीचं कडं लगेच ओळखू येतं.

पावसात जाणार असशील आणि अंधारात उठायची तयारी असेल, तर शीळकरीच. हिवाळ्यात आजीला घेऊन सपाट वाटेवर सावकाश फिरायचं असेल, तर काळी टोपी शोध.