कारी मोटर स्पीडवेवरचा ट्रॅक डे आणि ज्यांच्या नावाचा हा ट्रॅक आहे ते कारी

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर बाइक घेऊन ट्रॅक डे (म्हणजे रेस ट्रॅकवर आपली बाइक चालवायचा दिवस) करून आलो, तेव्हापासून लिहायचं डोक्यात होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की 'कार'वरून 'कारी' असं काहीतरी नाव ठेवलं असेल. तसं अजिबात नाहीये. एस. कारिवर्धन म्हणून कोइमतूरचेच होते, रेसर आणि रेसिंग कार बनवणारे, सगळे त्यांना कारी म्हणायचे. 1995 मध्ये विमान अपघातात गेले, ऐन चाळिशीत. ट्रॅक 2003 ला सुरू झाला आणि त्याला त्यांचं नाव दिलं.

आता ट्रॅकचं. लांबी साधारण 2.1 किमी, ऐकायला छोटी वाटते, पण बाइकवर बसलात की कळतं, एका वळणातून बाइक सरळ होते न होते तोच पुढचं ब्रेकिंग येतं, दम खायला जागाच नाही. म्हणून शिकायला एकदम भारी, कारण एका सेशनमध्ये तेच वळण इतक्यांदा मिळतं की चूक कुठे होतेय ते आपलं आपल्याला दिसतं. माझी चूक म्हणजे ब्रेक फार लवकर सोडायचो, पुढचा सस्पेन्शन वर यायचा आणि बाइक बाहेर जायची. दुपारनंतर ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरायला लागलो आणि तीच बाइक अशी वळली की मी हेल्मेटमध्ये ओरडलो.

दुपारच्या सुट्टीत पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या ठेवतात त्या जागेत, एक वयस्कर मेकॅनिक भेटले. मी कारींनी बनवलेल्या फॉर्म्युला मारुती या रेस कारबद्दल विचारलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि जमिनीवर बोटाने पाइपची फ्रेम काढून दाखवली, ड्रायव्हर इथे, इंजिन त्याच्या पाठीमागे. इंजिन कुठलं, तर आपल्या मारुती 800 चं, 796 सीसी, तीन सिलिंडर! म्हणजे ज्या गाडीतून घरचे लग्नाला जायचे तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊन कारींनी एका सीटची रेस कार उभी केली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, जेव्हा बाहेरून रेस कार आणायची तर कस्टम ड्युटी ऐकूनच माणूस गप्प बसायचा. पार्ट गावातल्या दुकानात मिळणार, दुरुस्ती कोणीही मेकॅनिक करणार, आणि सगळ्यांकडे सारखीच गाडी म्हटल्यावर पैशापेक्षा हाताला किंमत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. नारायण कार्तिकेयनची पहिली रेस याच फॉर्म्युला मारुतीत, चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरच्या ट्रॅकवर, आणि 2005 ला तो फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला. आपण नारायणचं नाव घेतो, घ्यायलाच पाहिजे, पण पहिली पायरी कोणी बांधली ते किती जणांना माहितीये?

तक्रार एकच, ती ट्रॅकबद्दल नाही, ज्यांच्यामार्फत मी बुकिंग केलं त्यांच्याबद्दल आहे. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये झेंडे, ओव्हरटेकिंगचे नियम, पिटमधून बाहेर कसं पडायचं सगळं नीट सांगितलं, पण कारींबद्दल एक शब्द नाही. माझ्या ग्रुपमधल्या कोणालाच ते कोण हे माहीत नव्हतं, सगळे दिवसभर त्यांच्या नावाच्या ट्रॅकवर फिरले आणि तसेच घरी गेले. दोन मिनिटं बोला हो, काय जातंय. मला खरंच वाईट वाटलं.

जाणार असाल तर नवशिक्यांच्या ग्रुपमध्येच नाव द्या, अहंकार बाजूला ठेवा. आरसे काढून ठेवा, हेडलाइटला टेप घरूनच लावून न्या, टायरची हवा गरम झाल्यावर परत चेक करा, आणि पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट न्या, लेदर सूटमध्ये घाम खूप जातो. मी पुढच्या सीझनला परत जातोय. तेव्हा ते मेकॅनिक परत भेटले तर त्यांना विचारायचंय की पहिली फॉर्म्युला मारुती पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा आवाज कसा आला होता.