परिक्रमेच्या पाठपिशवीत कोणती चूल? गॅस, स्पिरिट की काटक्या

इंदूरहून ओंकारेश्वर ऐंशी किलोमीटरच्या आत. त्यामुळे चातुर्मास संपला की इथल्या मराठी घरांतून कोणी ना कोणी पायी नर्मदा परिक्रमेला निघतंच. वाटेत बऱ्याच आश्रमांत तयार जेवण मिळतं. काही ठिकाणी मात्र सदाव्रत, म्हणजे डाळ-तांदूळ-पिठाचा कोरडा शिधा मिळतो आणि शिजवायचं आपणच.

चूल निवडताना परदेशी चाचण्यांच्या मागे लागू नका. अर्धा लिटर पाणी किती मिनिटांत उकळलं, एवढंच त्या मोजतात, कारण तिकडच्या पाकीटबंद जेवणाला उकळतं पाणी पुरतं. आपल्या मुगाच्या खिचडीला उकळीनंतर पंधरा-वीस मिनिटं मंद आच लागते. खरी परीक्षा तिथेच.

मंद आचेत गॅसला तोड नाही. डब्यावर फिरवून बसवायचा बर्नर २५ ते १०० ग्रॅमचा. २३० ग्रॅम गॅसचा डबा भरलेला असताना पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात एकट्याच्या दहा-बारा खिचड्या होतात. पण पुढे काय? बडवानी किंवा दिंडोरीच्या बाजारात तसाच डबा मिळेल, हे गृहीत धरू नका. शिवाय रिकामा डबाही वाहून आणावाच लागतो. लांबट डब्यात बहुधा नुसता ब्युटेन असतो, त्याला अडॅप्टर लागतो. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरासा खाली. म्हणून हजार मीटर उंचीवरच्या अमरकंटकला पौषातल्या पहाटे ज्योत मलूल होते. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण तिथेही नीट चालतं.

स्पिरिटची पितळी चूल शंभरेक ग्रॅमची. बिघडायला तिच्यात काही नाहीच. वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं. मिनिटभरात ते तापतं आणि काठावरच्या भोकांतून निळ्या ज्योती निघतात. उन्हात मात्र त्या अजिबात दिसत नाहीत. चूल विझली असं समजून वरून बाटली ओतली की भडका बाटलीपर्यंत येतो. आधी वरून, अंतर राखून, तळहातानं धग बघा, वाटी पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. हे घरच्या गच्चीवर हातात बसेपर्यंत करा. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, त्यात वजनामागे उष्णता गॅसच्या जेमतेम साठ टक्के, आणि आच कमी-जास्त करणंही अवघड. लेबल नसलेलं स्पिरिट घेऊच नका. त्यात मिथेनॉल असेल तर वाफही विषारी. चहाला ही चूल उत्तम, खिचडीला बेताची.

काटक्यांच्या घडीच्या पत्र्याच्या चुलीला इंधन वाहावं लागत नाही, आणि किनाऱ्यावरच्या गावांत गोवऱ्याही मिळतात. भांडं काळं होतं, बसून सतत काटक्या सारत राहावं लागतं. पण ज्याला रोज चालायचंच आहे, त्याच्या पाठीला हा सौदा परवडतो. जंगलपट्ट्यात, आणि फाल्गुनानंतर पानगळ वाळली की कुठेच, ती उघड्यावर पेटवू नका.

हेक्झामिनच्या, म्हणजे घन इंधनाच्या, वड्या फक्त अडीनडीला. भांड्याच्या बुडाला चिकट थर धरतो. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह चार-पाच जणांचा गट असेल तरच.

माझं मत स्पष्ट आहे. एकट्यानं परिक्रमा करायची तर काटक्यांची चूल आणि सोबत स्पिरिटची लहान बाटली. डाळ-तांदूळ दुपारीच डब्यात भिजत घालून चाला. संध्याकाळी उकळी आणून पाचेक मिनिटं शिजवा, मग भांडं घट्ट झाकून पंचा-शालीत गुंडाळून अर्धा तास ठेवा. खिचडी आपली आपण मुरते आणि मंद आचेची गरजच उरत नाही. हिमालयातला ट्रेक असेल तर मात्र बिनधास्त गॅस, पण डबा तिथे पोचल्यावर घ्या. नर्मदा एक्स्प्रेसनं अमरकंटकजवळच्या पेंड्रा रोडला जा की दिल्लीमार्गे मनालीला, गॅसचा डबा किंवा स्पिरिट रेल्वेत नेता येत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.