मगर दिसली नाही, 16,750 रुपये मात्र गेले

सांगलीचा माणूस गोव्याला जाऊन मगर बघायला पैसे मोजतो, इथंच काय ते हसून घ्या. आमच्या भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णाकाठी मगरी फुकट दिसतात. पण दिवाळीची सुट्टी होती, मुलांनी बोटीचा हट्ट धरला होता, सासूबाईही सोबत होत्या. म्हणून कुंभारजुवेच्या कालव्यातली मगर-सफर ठरवली. मांडवी आणि झुआरीला जोडणारा हा कालवा, काठाला खारफुटी, चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी. हे सगळं खरं आहे. खोटा निघाला तो आमचा एजंट.

माणशी 1,600, पाच जणांचे 8,000. तीन तास, पक्ष्यांचा जाणकार गाईड, नाश्ता, आणि ‘मगर दिसली नाही तर पूर्ण पैसे परत’. 4,000 आगाऊ पाठवले. मराठीत गोड बोलत होता, म्हणून आपला वाटला. (मराठी बोलतो म्हणजे आपला, हे डोक्यात कुठून शिरतं कोण जाणे.)

आदल्या रात्री मेसेज आला, सकाळी आठऐवजी साडेअकराला या. धक्क्यावर गाईड नाही, नाश्ता नाही, एक पोरगा आणि एक होडी. उरलेले 4,000 रोख घेतले, वर लाइफ जॅकेटचे माणशी 150, म्हणजे 750. जॅकेटचे वेगळे पैसे मागणाऱ्याच्या बोटीत पाऊल टाकू नका.

कळायला हवं होतं ते इथेच. धक्क्यावर जाळं विणत बसलेले एक आजोबा स्वतःहून म्हणाले, “भरती आसा, मगर खंय दिसतली?” मी हसलो. चक्क हसलो! समोर पाणी खारफुटीच्या मुळांवर चढलेलं, चिखलाची एक पट्टी उघडी नाही, मगर ऊन खाणार कुठे? पण कृष्णेला कुठे भरती-ओहोटी असते, मला काय कळणार? तुम्ही मात्र जायच्या आधी ओहोटीची वेळ स्वतः बघा, एजंटला विचारू नका.

पन्नास मिनिटांत परत. दोन खंड्या, एक घार आणि एक ओंडका. पोरगा “मगर, मगर” ओरडला तेव्हा सासूबाईंनी त्या ओंडक्याला हात जोडले.

एजंटला फोन केला तर लगेच कबूल. “सर, 8,000 परत देतो, क्यूआर पाठवलाय, दुसऱ्या मोबाईलने स्कॅन करा.” बायकोच्या मोबाईलवर उघडला, माझ्याने स्कॅन केला, पिन टाकला. आणखी 8,000 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः वडिलांना शिकवलंय. पण समोर बरोबर 8,000 चा आकडा, उन्हात पोरांची रडारड, बायको म्हणतेय, “अहो, लवकर आटपा.” हिशेब तुम्हीच करा, शीर्षकात आहे.

तिथल्या पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं आणि सांगितलं, “तुमचं खातं सांगलीचं, तिकडे तक्रार करा.” सांगलीत म्हणाले, “घटना गोव्यातली.” बँकेत एक बाई म्हणाल्या, “पिन तुम्हीच टाकलात ना?” हो बाई, मीच टाकला, म्हणून तर आलोय! एकाने तर विचारलं, “मगर दिसली का शेवटी?” हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे मला आठवड्याने एका वकील मित्राकडून कळलं. तोवर एजंटच्या खात्यात काय उरणार? तुमचं असं झालं तर कोणाच्याही दारात जाण्याआधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, एक मिनिटही घालवू नका. मी तिसऱ्या दिवशी लावला.

एजंटचा नंबर अजून चालू आहे. फोटोला तीच जबडा उघडलेली मगर. काल स्टेटस होतं: ‘नाताळ स्पेशल, चारच जागा शिल्लक.’